कडबा आणि तुराटी

फेब्रुवारी लागला की बीड जिल्ह्यातल्या काळ्या रानांत रब्बी ज्वारीची काढणी सुरू होते, आणि इथली ज्वारी सहसा कापत नाहीत, उपटतात. माणूस वाकतो, दोन-तीन ताटं बुडाशी एकत्र धरतो, हिसका देतो, मुळांना चिकटलेली माती झटकतो आणि पुढं सरकतो. सवय नसलेल्याच्या तळहाताला पहिल्याच दिवशी फोड येतात. तुरीच्या वाट्याला मात्र कोयता किंवा विळा येतो. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळल्या की तिचं खोड जमिनीलगत तोडतात. मागे राहिलेला खुंट इतका कठीण आणि टोकदार असतो की तो चपलेचा तळ भेदून पायात शिरतो.

एकाच काळ्या मातीतली ही दोन पिकं. एक हाताला येतं, दुसऱ्याला पोलाद लागतं. हा फरक वनस्पतीच्या घडणीतला आहे. वनस्पतिशास्त्र त्याला एकदल आणि द्विदल म्हणतं. बीडच्या शेतकऱ्यानं त्या फरकावर आपलं घर, गोठा, चूल आणि पीकपद्धती उभी केली होती.

ज्वारीचा दाणा रुजला की पहिलं मूळ थोडाच काळ महत्त्वाचं राहतं. पुढं खोडाच्या तळच्या पेरांतून सारख्या जाडीची पुष्कळ मुळं फुटतात आणि त्यांचा जुडगा चहूबाजूंनी पसरतो. तुरीचं पहिलं मूळ तेच कायमचं मूळ. ते सरळ खाली उतरतं, जाड होतं, त्याला फाटे फुटतात. रब्बीचं रान फेब्रुवारीत सुकून भेगाळलेलं असतं. अशा वेळी जुडगा सुटून वर येतो, पण तुरीचं सोटमूळ जमीन सोडत नाही. हरभरा द्विदल असूनही उपटला जातो हे खरं. त्याचं कारण एवढंच की तो लहानखुरा असतो आणि त्याच्या खोडात तुरीइतकं लाकूड साठायच्या आत त्याचं आयुष्य संपतं.

खोडातला फरक याहून मोठा आहे. ज्वारीचा धांडा आडवा कापला की आत पांढरं भेंड दिसतं आणि त्यात सगळीकडे विखुरलेले ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी वर नेणाऱ्या आणि अन्न खाली नेणाऱ्या नळ्यांचा एकेक जुडगा. कडेला हे ठिपके दाट होतात, म्हणून साल टणक लागते. तुरीच्या कोवळ्या खोडात हेच जुडगे गोलाकार कड्यात मांडलेले असतात आणि त्या कड्यात कॅम्बियम नावाचा सतत वाढणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड घालत जातो, बाहेरच्या बाजूला सालीचा भाग. सहा-सात महिन्यांत तुरीचं खोड अंगठ्याएवढं जाड होतं. ज्वारीच्या धांड्यात हा थर नसतोच. त्याची जाडी लवकर ठरते आणि नंतर त्यात लाकडाची भर पडत नाही.

म्हणून धांडा गोठ्यात जातो आणि तुराटी चुलीत.

भेंडाच्या पेशींच्या भिंती पातळ असतात आणि त्यांत थोडी साखरही उरलेली असते. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या फोडू शकतात. तुराटीतलं लाकूड लिग्निननं बांधलेलं असतं, ते त्यांना पचत नाही. पण जे पोटात पचत नाही ते चुलीत छान जळतं, भिंतीत टिकतं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत तुराट्यांचा कूड असे, वरून शेणामातीचा गिलावा. खळं झाडायचा खराटा तुराट्यांचा, धान्य साठवायची कणगीही बऱ्याचदा तुराट्यांची. कणगीत ज्वारी भरायची आणि ज्वारीचं ताट गोठ्यासमोर गंजीला लावायचं. पोरांच्या वाट्याला उरलेला धांडा येई. साल सोलून काड्या करायच्या, भेंडाचे तुकडे त्यांत खोचायचे आणि बैलगाडी तयार.

बियांतही तोच भेद. तुरीच्या दाण्यात दोन दलं असतात आणि रोपाची सगळी शिदोरी त्यांतच भरलेली असते. टरफलाखालच्या डिंकासारख्या थरानं ती घट्ट धरलेली असतात. तो थर सैल झाल्याशिवाय डाळ नीट होत नाही. म्हणून घरोघरी तूर भिजवून, कुठं लाल मातीचा हात देऊन, उन्हात वाळवत आणि मग जात्यावर भरडत. ज्वारीच्या दाण्यात एकच दल असतं. ते दाण्यातच राहून कोंबाला पीठ पुरवतं आणि कधी पान होऊन वर येत नाही. ज्वारी कितीही भरडली तरी तिची डाळ होणार नाही, कण्या किंवा पीठच होणार. एक बारकावा इथं सांगायला हवा. कपाशी उगवताना तिची दोन दलं जमिनीवर येऊन हिरवी होतात, तुरीची आणि हरभऱ्याची मात्र मातीतच राहतात. त्यामुळे नुसतं रान बघून दलं मोजायला गेलं तर माणूस फसतो. दाणाच फोडून पाहावा लागतो.

युरोपात हा भेद कागदावर आला तेव्हा महाराष्ट्रात शिवकाल चालू होता. बोलोन्याच्या मार्सेलो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खोडं आणि रोपं तपासून लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग १६७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इंग्लंडच्या जॉन रे यांनी १६८२ च्या आपल्या ग्रंथात दलांच्या संख्येवरून सपुष्प वनस्पतींचे दोन गट पाडले. त्याच वर्षी औरंगजेब दख्खन जिंकायला औरंगाबादेत येऊन उतरला. बीडचा मुलूख तेव्हा मोगलांकडेच होता आणि त्याच्या फौजेच्या बैलांना, घोड्यांना वैरण लागत होती. खोडातल्या विखुरलेल्या जुडग्यांचा नियम तर त्यानंतर आणखी शंभरेक वर्षांनी, १७९८ मध्ये, देफोंतेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडला.

पुढं हा जिल्हा निजामाच्या राज्यात गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिला. त्या राज्याच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता, आणि आबकारी उभी होती शिंदीच्या झाडावर. ओढ्याकाठी वाढणारी शिंदी दिसते झाडासारखी, पण ती एकदल आहे. तिच्या बुंध्यात वर्षांची वलयं नसतात, ज्वारीच्या धांड्यासारखेच विखुरलेले जुडगे असतात. रस काढणारा शेंड्याखाली एका बाजूला साल तासून खाच पाडतो, पुढच्या हंगामात समोरच्या बाजूला. कडुनिंबाला अशी जखम झाली तर कॅम्बियम कडेनं वाढून ती हळूहळू बुजवतो. शिंदीला तो थर नाही, त्यामुळे तिची खाच कधीच भरत नाही. झाड वर वाढत राहतं आणि खाचा एकाखाली एक, डावी-उजवीकडे, जिन्यासारख्या उरतात. त्या मोजल्या की किती हंगाम रस काढला ते सांगता येतं. लाकडाच्या वलयांनी ज्याचं वय कळत नाही अशा झाडावर माणसानं स्वतःच दिनदर्शिका कोरून ठेवली होती.

शिंदीची आणखी एक गोष्ट तिच्या घडणीतच आहे. तिला वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्याला. बाभूळ किंवा कडुनिंब बुंध्याशी तोडला तरी खुंटाला धुमारे फुटतात. शिंदी तोडली की संपली. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनं निजामाविरुद्ध शेवटचा लढा पुकारला. हे स्वामीजी तीसच्या दशकात अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, शाळेत मुख्याध्यापक होते. त्या लढ्यात मराठवाड्यात गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बनं तोडली. कराचे नाके जाळले की सरकार ते पुन्हा बांधू शके. तोडलेली शिंदी पुन्हा उत्पन्न देणार नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शिंदीतोडीला एखाद-दुसरी ओळ मिळते. तिला याहून अधिक जागा मिळायला हवी होती, कारण महसुलावर इतका नेमका घाव दुसऱ्या फारच थोड्या कृतींनी घातला असेल.

शेताकडे परत येऊ. निजामाच्या काळातच, १९१८ साली, परभणीला मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झालं. पुढं तिथंच १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं. पण एकदल-द्विदलाची जोडी लावायला शेतकरी कुणासाठी थांबला नव्हता. आष्टी-पाटोद्याच्या हलक्या, कमी पावसाच्या रानात बाजरीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ. भारी रानात खरिपाच्या ज्वारीत तूर. रब्बीत ज्वारीला हरभऱ्याची किंवा करडईची सोबत. करडईचे काटेरी पाटे बांधालगत घातले की जनावर आत शिरायला कचरतं. पाभरीच्या मागे बांबूची नळी बांधून बाई चालायची आणि मुठीनं तूर सोडायची.

ही जोडी मुळांच्या हिशेबानं जमते. बाजरीची मुळं वरच्या थरातलं पाणी घेतात आणि तीन-सव्वातीन महिन्यांत पीक उरकतं. तूर तोवर सावलीत संथ वाढते, तिचं मूळ खाली जात राहतं. बाजरी निघाली की तिला उजेड मिळतो आणि परतीच्या पावसाचं खोलवर मुरलेलं पाणी तिच्यासाठी शिल्लक असतं. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. तुरीला मर लागते तेव्हाही ही सोबत उपयोगी पडते. मर रोगाची बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. मेलेल्या खोडाची साल काढली की लाकडावर काळपट रेघा दिसतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एडविन बटलर यांनी भारतात या रोगाचा छडा लावला. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी राहते, हे नंतरच्या प्रयोगांतही दिसलं.

खुडणीतही तीच जाण दिसते. हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले की बगलेतले कोंब जागे होतात, झाड फुटवे धरतं आणि घाटे वाढतात. तुरीचा शेंडा खुडायला आता कृषी खातंही सांगतं. ज्वारीचा शेंडा मात्र कुणी खुडत नाही. तिथं कणीसच असतं.

१९६४ मध्ये देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला. दाणा भरपूर, ताट बुटकं. धान्याच्या तुटवड्याच्या त्या काळात त्याचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. पण बुटक्या ताटाचा कडबा थोडा, आणि ज्याच्या दावणीला बैल होते त्याला तो तोटा सहन होणारा नव्हता. म्हणून रब्बीत मालदांडीच टिकली. मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण उंच वाढतो, त्याची भाकरी गोड आणि कडबा जनावर चाखून खातं. दुष्काळी मुलखात कडब्याची गंज ही वर्ष-दोन वर्षांची बेगमी असते. कृषी खात्याचे तक्ते बरीच वर्षं फक्त दाण्याचे क्विंटल मोजत राहिले. शेतकरी शेकडा पेंढ्याही मोजत होता, आणि त्याचाच हिशेब पुरा होता.

१९७२ च्या दुष्काळात गंजी संपल्या. ज्वारी गेली, दावणी रिकाम्या झाल्या आणि बीडची माणसं मोठ्या संख्येनं दुसऱ्या एका एकदलाच्या मागे निघाली. ऊसतोडीला लोक आधीही जात होते, पण त्या दुष्काळानंतर हे स्थलांतर जिल्ह्याची ओळख बनलं. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून जोड्या मुकादमाकडून उचल घेऊन नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोन माणसांना एका हत्याराच्या नावानं मोजण्याची ही रीत आजही चालू आहे, आणि ती डाचते.

त्यांच्या कामाचा प्रत्येक टप्पा उसाच्या शरीराशी बांधलेला आहे. साखर कांडीच्या मऊ पेशींत साठते आणि पक्व उसात ती बुडाकडे जास्त असते. म्हणून तोड जमिनीलगतच व्हावी लागते आणि म्हणून कमरेत इतकं वाकावं लागतं. वरचं वाढं कोवळं आणि कमी गोडीचं, ते छाटून टाकायचं. उसाच्या पानात शिरा टोकापर्यंत एकमेकींना समांतर धावतात. ते पान लांबीच्या दिशेनं ओढलं तर सहजी तुटत नाही. त्यामुळे मोळी बांधायला वेगळी दोरी लागत नाही, वाढ्याचंच बंध होतं. तुरीच्या किंवा कपाशीच्या जाळीदार शिरांच्या पानानं काही बांधून पाहावं, ते लगेच फाटेल. उरलेलं वाढं विकून तोडणाऱ्यांना वरखर्चाचे पैसे मिळतात. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून गाडी आली की रात्री-अपरात्रीही भरावीच लागते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या दिवसाचे तास उसाच्या या स्वभावानं ठरवलेले आहेत. त्याचा मोबदला ठरवणाऱ्यांनी मात्र तो कधी पुरता मोजला नाही.

बुडख्यातल्या जमिनीखालच्या डोळ्यांतून ऊस पुन्हा फुटतो, तो खोडवा. कपाशीतही तसंच काहीसं होतं, पण वेगळ्या वाटेनं. कपाशी मुळात बहुवर्षायू झुडूप आहे. तिचं खोड लाकूड घालत राहतं, वरच्या फांद्यांच्या बगलेत जिवंत कोंब असतात. वेचणी संपल्यावर एखादं पाणी दिलं की तिला पुन्हा पातं-बोंडं लागतात. हीच फरदड. गेवराई-माजलगावकडे जायकवाडीचा उजवा कालवा आणि सिंदफणेवरचं माजलगाव धरण यांचं पाणी आलं आणि २००२ नंतर बीटी कपाशी सगळीकडे पसरली, तेव्हा फरदड घेण्याचा मोह वाढला. गुलाबी बोंडअळीला त्यामुळे उन्हाळ्यातही अन्न मिळत राहिलं. २०१७ च्या खरिपात तिनं राज्यभर कपाशी फस्त केली, आणि त्यानंतर फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रानात-बांधावर रचून ठेवू नका असं दरवर्षी सांगितलं जाऊ लागलं. ज्या बाईची चूल पऱ्हाट्यांवर चालायची तिला हा सल्ला पाळणं सोपं नव्हतं.

कपाशी आणि सोयाबीन दोन्ही द्विदल. दोन्हींनी रोख पैसा दिला, पण कडबा दिला नाही. सोयाबीनचं भुसकट जनावर खातं, त्यानं बैलजोडीचं वर्ष निघत नाही. ज्वारी-बाजरीचं रान आक्रसलं तशी वैरण बाहेरून आणावी लागली. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि तिथं जनावरांपुढं बऱ्याचदा ऊसच तोडून टाकला जात होता. तुरीसोबत ताटांची ओळ लावणाऱ्या जुन्या शेतकऱ्यानं हे संकट ओळखलं असतं. त्याच्या त्या रीतीत मागासलेपण पाहणाऱ्यांनी त्याच्या गोठ्याकडे पाहिलं नव्हतं.

आता राहिलं ते बालाघाटच्या डोंगरउतारांवर आपसूक वाढणारं सीताफळ. मूळचं अमेरिका खंडातलं हे झाड पोर्तुगीज काळात भारतात आलं आणि बीडच्या मुरमाड टेकड्यांवर असं रुजलं की २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. बीत दोन दलं, पानात जाळीदार शिरा, खोडात कॅम्बियम. जॉन रे यांच्या मांडणीत ते बिनदिक्कत द्विदल ठरतं. पण त्याचं फूल उघडून पाहिलं की आत तिनाचा हिशेब दिसतो. निदलं तीन, मांसल पाकळ्या तीन. तिनाचा हा पाढा एकदलांचा. द्विदलांत सहसा चार किंवा पाच असतात. परागकणांची घडणही बहुतेक द्विदलांसारखी नाही.

१९९८ मध्ये वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटानं जनुकांच्या आधारे सपुष्प वनस्पतींची नवी वंशावळ मांडली. तीत एकदल हा एकसंध वंश म्हणून टिकला, द्विदल मात्र टिकला नाही. तूर, हरभरा, कपाशी, करडई हे खऱ्या द्विदलांच्या मोठ्या गटात राहिले. सीताफळ, सोनचाफा आणि मिरी यांची शाखा त्याहून वेगळी निघाली. तीनशे वर्षं चालत आलेली दोन खणांची मांडणी अशी बदलली.

कलम बांधणाऱ्याचं काम त्यानं अडत नाही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं धारूरच्या झाडांतून निवडलेला धारूर-६ हा वाण कलमांनीच वाढवला जातो, कारण बीपासून केलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. गावरान रोपाचा शेंडा छाटून खोडाला मधोमध चीर द्यायची, निवडक झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. काडी आणि रोप यांची जाडी सारखी हवी. तशी नसेल तर निदान एका कडेला दोन्हींच्या सालीखालचा हिरवट थर एकमेकाला भिडला पाहिजे. तो भिडला की काडीला नवी पानं फुटतात.